मिसिंग डाव्या सिलिंडरचं होतं

(या भागाचं लेखी रूप. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज सुरुवातीलाच एक चूक कबूल करायची आहे. तीन भागांपूर्वी, याच माइकसमोर बसून मी सांगितलं होतं की आमच्या अलिबाग तालुक्यातल्या एका पंपावर पाणी मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि त्यामुळे माझी गाडी मिसिंग मारते. पंपाचं नाव घेतलं नव्हतं. पण वर्णन असं केलं होतं की इथल्या माणसाला नावाची गरजच पडली नाही. ते म्हणणं चुकीचं होतं. पेट्रोलमध्ये काही नव्हतं. जे होतं ते माझ्याच गाडीत होतं, आणि अगदी खरं सांगायचं तर माझ्याच पडवीत तयार झालं होतं.

तर काय होतं, कसं सापडलं आणि तीन महिने का सापडलं नाही, हे आज सांगतो. गाडी दुरुस्तीच्या भागांना तुमचे प्रश्न नेहमीच जास्त येतात, म्हणून जरा तपशिलात जाणार आहे. ज्यांना फक्त फिरण्याच्या गोष्टी आवडतात त्यांनीही थांबा, आगरदांड्याची फेरीबोट आहे मध्ये.

आधी हा आवाज ऐका.

(इथे गाडीच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण वाजतं.)

ऐकलंत? धडधड धडधड चाललेली, मध्येच एक पायरी गळल्यासारखी. चालता चालता माणूस ठेचकाळतो तसं. गॅरेजच्या भाषेत याला मिसिंग म्हणतात. इंजिनात दर फेऱ्यांमागे ठरावीक वेळा भडका उडायला हवा, त्यातला एखादा उडतच नाही. हिशोब करून बघा. चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडते. त्यातल्या दोन-चार चुकल्या तरी हाताला, बुडाला लगेच कळतं. सगळ्याच चुकायला लागल्या तर गाडी एका पायावर चालल्यासारखी होते.

माझी गाडी दोन सिलिंडरची आहे, शेजारी शेजारी बसवलेले. लांबच्या प्रवासाची, जड, दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली. कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण या गोष्टीत कंपनीचा दोष नाही आणि हीच भानगड दुसऱ्या कुठल्याही गाडीत होऊ शकते.

मी चौलला राहतो. समुद्र जवळ. इथे लोखंड टिकत नाही हे काही नव्याने सांगायला नको. दाराच्या कड्या, सायकलच्या चेन, पंख्याचे बोल्ट, सगळं खारी हवा खाते. म्हणून मी गाडी दर शनिवारी संध्याकाळी धुतो. गोड्या पाण्याने, आणि गेल्या वर्षापासून प्रेशरच्या पंपाने. बायको म्हणते, एवढी काळजी माझी घेतली असतीस तर. असो. रविवारी सकाळी निघायचं, रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई, काशीद, मुरूड, आगरदांडा. तिथून फेरीबोटीने राजपुरीची खाडी ओलांडून दिघी, मग बोर्ली पंचतन आणि दिवेआगर. तिथे माझी आत्या असते. एकटीच. २०२०च्या ३ जूनला निसर्ग वादळ तिथेच किनाऱ्याला लागलं, त्यात तिच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या. तेव्हापासून महिन्यातून दोन-तीन रविवार मी तिच्याकडे जातो. औषधं, किराणा, आणि मुख्य म्हणजे तिला कुणाशी तरी भांडायला हवं असतं.

आता तारखांकडे लक्ष ठेवा, कारण उत्तर त्यांतच होतं. मे महिनाभर गाडी हलली नाही. मी कामासाठी बाहेर होतो, गाडी पडवीत भिंतीला टेकून उभी. जूनच्या शेवटी पहिल्यांदा जाणवलं. रविवारी सकाळी साळावच्या पुलावर चढताना ॲक्सिलरेटर दिला तर गाडी अडखळली. पुढे मुरूडला पोचेपर्यंत आपोआप ठीक. परतताना काहीच नाही. मी म्हटलं, थंड असेल.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. सुरुवातीचा पाऊण तास अडखळत, मग साफ. आणि गंमत अशी की उभ्या गाडीवर काही कळायचं नाही. स्टँडवर रेस करा, छान गुरगुरते. चढावर, ओझं घेऊन, वेग वाढवायला गेलं की मार खाते.

जुलैत मी ती गॅरेजला नेली. सोमवारी. म्हणजे रविवारी दिवसभर चालून, तापून, कोरडी झालेली गाडी. मेकॅनिकने चालवून बघितली, म्हणाला, काय होत नाय साहेब. तरी मी आग्रह केला म्हणून दोन्ही प्लग बदलले. हवा मारली, प्लग काढले, नवे घातले. त्यानंतरचे दोन आठवडे गाडी मुकाट चालली. मी खूश. तिसऱ्या रविवारी पुन्हा सुरू.

आणि मग ऑगस्टमधला तो रविवार. बायको मागे बसलेली. काशीदच्या अलीकडचा चढ तुम्हाला माहीत असेल, वळणाचा, एका बाजूला झाडी. पुढे वाळूचा ट्रक होता. समोरचा रस्ता मोकळा दिसला, मी गाडी बाहेर काढली, ट्रकच्या बरोबरीने आलो आणि गाडीने जीव सोडला. म्हणजे बंद नाही पडली, पण निम्मी ताकद गेली. वळणावरून एसटी आली. मागे व्हायला वेळ नव्हता, पुढे जायला दम नव्हता. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून आज मी बोलतोय. त्याचे आभार मानायलाही मिळालं नाही, तो शिव्या देत निघून गेला, आणि त्या मला लागू होत्या.

काशीदच्या सुरूच्या बनात गाडी लावली. बायको काही बोलली नाही. हेल्मेट काढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मी परत एसटीने जाते. ही गाडी नीट होईपर्यंत मला सांगू नकोस बस म्हणून."

आता अशा वेळी माणसाला दोषी लागतो. मला पंप सापडला. कारण रविवारी सकाळी निघताना मी टाकी भरायचो ती त्याच पंपावर. त्रास व्हायचा रविवारी सकाळीच. झालं, दोन आणि दोन चार. शनिवारी संध्याकाळी मी गाडी धुतो हेसुद्धा तितकंच नियमाने घडत होतं, पण ते माझ्या हिशोबातच नव्हतं. आपण चांगलं म्हणून जे करतो त्याच्यावर संशय येत नाही.

त्यात भर पडली दोन गोष्टींची. एक, इथेनॉल. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आणि तेव्हापासून गाडीला शिंक आली तरी लोक इथेनॉललाच धरतात. तसं त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं. साध्या पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ मिसळतच नाही, इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये थोडं सामावतं, पण प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाला बसतं. टाकीतला पंप नेमका तळातूनच ओढतो. त्यामुळे संशय घेणं चूक नव्हतं. तपासून झाल्यावरही तोच धरून बसलो, ती चूक.

दुसरी गोष्ट, माझ्याकडे ते खिशातलं स्कॅनर आहे. गाडीच्या सॉकेटला लावायचं, मोबाइलवर दिसतं. त्याने दाखवलं, मिश्रण पातळ आहे. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. मी म्हटलं, बघा! पेट्रोल पोचत नाहीये. मग फिल्टर बदलला. इंजेक्टर साफ करून घेतले. शेवटी टाकीतला पंपसुद्धा बदलला. सगळं मिळून साडेअकरा हजार रुपये. मिसिंग जिथल्या तिथे.

आणि मी त्या पेट्रोल पंपावर जाऊन भांडलो. सकाळची वेळ, रांग लागलेली, आणि नळी धरणारा मुलगा असेल वीस-एकवीस वर्षांचा. त्याला मी सगळ्यांसमोर बोललो. मालक बाहेर आले. त्यांनी शांतपणे फिल्टर पेपर काढला, त्यावर पेट्रोलचा थेंब टाकला, उडून गेला, डाग नाही. घनता मोजून दाखवली. पाच लिटरचं माप भरून दाखवलं. हे सगळं बघायचा ग्राहकाला हक्क आहे, तुम्हीही मागू शकता. मी घरी आणून पारदर्शक बाटलीत ठेवलेलं पेट्रोलसुद्धा रात्रभर एकजीव राहिलं, तळाला थर नाही. सगळे पुरावे एका बाजूला, आणि मी मात्र त्याच आठवड्यात इथे बसून तो भाग ध्वनिमुद्रित केला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

आता दिघी.

पितृपक्षातली गोष्ट. आत्याच्या यजमानांची तिथी होती, मला अकराच्या आत पोचायचं होतं. रेवदंड्यापासून जो पाऊस लागला तो आगरदांड्यापर्यंत. त्या दिवशी मिसिंग मुरूडला थांबलंच नाही, सगळी वाट गाडी तशीच कण्हत आली. जेट्टीवर बोट पलीकडे होती, थांबावं लागलं. मग बोट आली, गाडी चढवली, पंधरा-वीस मिनिटं खाडीवर. उजव्या हाताला लांब जंजिरा, पावसात राखाडी. एरवी मी फोटो काढतो. त्या दिवशी गाडीकडे बघत बसलो.

दिघीला सगळे उतरले, मी शेवटी. गाडी सुरू केली, तिने तेच रडगाणं लावलं. धक्क्यावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते, मासेमारीच्या बोटीवर इंजिन बघायचे. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा फक्त मान वर करून म्हणाले, "एक शिलिंडर बंद हाय तुजा."

मी म्हटलं, "काका, पेट्रोलमध्ये पाणी आहे."

"पानी असंल तर दोनी बंद पडतील. एकाच टाकीतला पितात ना दोगं?"

मंडळी, मी तिथे उभा होतो आणि मला उत्तर सुचेना. टाकी एक, पंप एक, नळी एक. खराब पेट्रोल डाव्याला वेगळं आणि उजव्याला वेगळं कसं जाईल? इतकी साधी गोष्ट साडेअकरा हजारांत कुणी विचारली नव्हती, आणि मीही स्वतःला विचारली नव्हती.

काका उठले. म्हणाले, गाडी बंद कर, मग परत चालू कर, आणि वाढवू नकोस. सुरू केली. पाच-दहा सेकंद थांबले, ओंजळीत साचलेलं पावसाचं पाणी घेतलं आणि बोटांनी दोन्ही बेंड पाइपवर शिंपडलं. बेंड पाइप म्हणजे इंजिनातून निघून सायलेन्सरकडे जाणारे ते वळलेले पाइप, प्रत्येक सिलिंडरचा वेगळा. उजव्यावर चर्र झालं, वाफ निघाली. डाव्यावर पाणी नुसतं ओघळलं. अर्ध्या तासात दोन्ही पाइप गार झाले होते, म्हणून फरक इतका स्वच्छ दिसला. थोड्या वेळाने केलं असतं तर दोन्ही तापले असते आणि काही कळलं नसतं.

मी विचारलं, हे कुठे शिकलात? तर बोटीच्या डिझेल इंजिनाची त्यांची रीत त्यांनी सांगितली. समुद्रात इंजिन धडपडायला लागलं की चालू इंजिनावर एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट जरासा ढिला करायचा. डिझेल गळतं, त्या सिलिंडरचं काम थांबतं. आवाज पडला तर तो सिलिंडर बरा होता, नट आवळा, पुढच्याकडे जा. ज्याचा नट ढिला केल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो आधीच मेलेला. सुटे भाग बदलून बघायची सोय समुद्रात नसते, म्हणून आधी मेलेला शोधायचा.

इथे एक सावधगिरी. डिझेलची ही रीत पेट्रोलच्या गाडीवर जशीच्या तशी करू नका. प्लगची टोपी काढून इंजिन चालू ठेवलं तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो तापून खराब होतो. ठिणगीला जागा मिळाली नाही तर कॉइलही जाऊ शकते, आणि झटका बसतो तो वेगळाच. पाणी शिंपडणं बरं. तेही चार थेंब, गार पाइपवर, हात न लावता.

दिवेआगरला पोचलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. कावळ्याचा घास ठेवून झाला होता. आत्या एवढंच म्हणाली, "जेवून घे." तिने न रागावणं मला जास्त जड गेलं.

जेवण झाल्यावर तिच्या अंगणात गाडी उघडली. टाकी जराशी उचलली की खाली प्लगच्या दोन विहिरी दिसतात. विहीरच म्हणतो मी त्याला, कारण प्लग वर उघडा नसतो, हेडमध्ये खोल खड्डा असतो आणि त्याच्या तळाला प्लग. माझ्या गाडीत कॉइल टोपीतच आहे, ती लांबट नळीसारखी त्या विहिरीत उतरते आणि वर रबराचं झाकण बसतं.

उजवी कॉइल काढली. कोरडी. डावी ओढली तर बुच काढल्यासारखा आवाज आला आणि तिच्या टोकावरून पाणी ठिबकलं. विहिरीत बोटभर पाणी. प्लगच्या षटकोनाला गंज, आणि पांढऱ्या चिनी मातीवर उभी काळी रेघ, शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी. कॉइलच्या रबराच्या आत त्याच जागी तशीच रेघ. ठिणगी तिथून चालत होती. आत सिलिंडरमध्ये पडायची ती बाहेरच्या बाहेर पाण्यावरून पळून जात होती. (प्लगच्या लोखंडाला लागून चिनी मातीवर तपकिरी पट्टा दिसतो तो वेगळा, त्याने काही बिघडत नाही. काळी उभी रेघ दिसली तर तो प्लग टाकून द्या.)

बरं, पाणी दिसलं म्हणजे उत्तर मिळालं का? नाही. पाऊस दोन्हीकडे पडतो, प्रेशरने मी दोन्ही बाजू धुतो. मग डावीच का भरली? आधीच्या तीन महिन्यांत मी इथेच थांबलो असतो. पाणी पुसलं असतं, नवा प्लग घातला असता, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. जुलैमध्ये गॅरेजात नेमकं हेच झालं होतं. प्लग काढण्याआधी हवा मारली, म्हणजे विहीर कोरडी झाली. मला वाटलं नव्या प्लगने काम केलं.

विहिरीच्या तळातून हेडच्या बाजूला एक बारीक भोक निघतं, पाणी वाहून जायला. हे मला माहीत होतं. वाचलेलं. कधी बघितलेलं नाही. आत्याकडून चमचा घेतला, उजव्या विहिरीत चमचाभर पाणी ओतलं. बाजूच्या भोकातून टपटप बाहेर. डावीकडची विहीर फडक्याने टिपून तिच्यात चमचाभर ओतलं. तसंच उभं.

डावीकडचं भोक शोधलं तर सापडेना. तिथे सारख्या रंगाची धूळ बसलेली. नखाने खरवडल्यावर कळलं की ती धूळ नाही, माती आहे. लिंपलेली. आगपेटीच्या काडीहून थोडं मोठं भोक, आणि त्यावर व्यवस्थित थापलेलं मातीचं बुच. सायकलची तार घेऊन हळूच टोकरलं. माती आली, मग कोळ्याचे पाय आले, दोन-तीन सुकलेले कोळी आले. आत्या शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "अरे, कुंभारीण!"

कुंभारीण माशी. भिंतीवर, फोटोच्या मागे, दाराच्या कुलपात मातीची घरं करते ती. अंडं घालते, पिल्लाला खायला कोळी भरून ठेवते आणि तोंड लिंपून निघून जाते. मे महिन्यात माझी गाडी पडवीत महिनाभर उभी होती. उजवी बाजू भिंतीला, डावी मोकळी.

तिथे अंगणात बसून सगळे तुकडे जुळले. शनिवारी मी प्रेशरने धुवायचो, जरा कडक झालेल्या रबरापाशी पाणी शिरायचं, उतरायला वाट नाही. रविवारी सकाळी विहीर भरलेली. तासाभराने इंजिन तापून पाणी वाफ होऊन जायचं, मुरूडपर्यंत गाडी ठीक. सोमवारी गॅरेजला कोरडी. आणि त्या दिवशी पाऊस सतत, म्हणून मिसिंगही सतत.

उभ्या गाडीवर का कळायचं नाही? ठिणगी प्लगच्या टोकावरची फट ओलांडते, मिलिमीटरभराहून कमीच असते ती. पण आत दाब वाढला की तीच फट ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात. उभ्या गाडीवर थ्रॉटल जेमतेम उघडा, सिलिंडरमध्ये हवा कमी, दाब कमी, ठिणगी कशीबशी पडते. चढावर मूठ पिळली की सिलिंडर भरून हवा येते, दाब वाढतो, कितीतरी हजार व्होल्ट जोर लावावा लागतो. तेवढ्यात बाहेर ओली वाट दिसली की वीज सोप्या वाटेने जाते. म्हणून मिसिंग तपासायचं तर ते ओझ्याखाली, चढावर. स्टँडवर रेस करून ‘काही नाही’ म्हणणाऱ्यावर, मग तो मेकॅनिक असो की मालक, विश्वास ठेवू नका.

आणि ते स्कॅनर? त्याने खोटं सांगितलं नव्हतं. सायलेन्सरच्या वाटेवर जो सेन्सर असतो तो पेट्रोल मोजतच नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. डाव्या सिलिंडरमध्ये भडकाच उडाला नाही, तर आत आलेली हवा तशीच्या तशी बाहेर. सेन्सरला भरपूर ऑक्सिजन दिसला, त्याने कळवलं, मिश्रण पातळ. कॉम्प्युटरने आणखी पेट्रोल ओतलं. म्हणून डावा प्लग काळा, ओला. एकीकडे पातळ म्हणून संदेश आणि दुसरीकडे जास्त पेट्रोलने काळा झालेला प्लग, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की पेट्रोलचा नाद सोडून ठिणगीकडे वळायचं. गॅरेजमध्ये बदललेला प्लग काळाच होता. मी तो हातात घेऊन बघितलाही होता.

तर तुमच्यासाठी कामाचं तेवढं सांगतो. दोन सिलिंडरची गाडी असेल तर पहिला प्रश्न: दोन्ही जातायत की एकच? दोन्ही एकदम मेले, दिवे लुकलुकले, तर बॅटरीची टोकं बघा, साइड स्टँडचा स्विच बघा. आमच्या किनाऱ्यावर तो स्विच खाऱ्या हवेने फार लवकर खराब होतो आणि इंजिनाला वाटतं स्टँड खाली आहे. दोन्ही हळूहळू दम सोडत असतील तर मग पेट्रोल, फिल्टर, पंप. एकच जात असेल तर त्या एकाचं जे स्वतंत्र आहे तेवढंच बघायचं: प्लग, कॉइल, इंजेक्टर, वॉल्व्ह. विहिरी कोरड्या असतील तर दोन्ही कॉइलची अदलाबदल करा. मिसिंग कॉइलबरोबर दुसरीकडे गेलं तर कॉइल दोषी. जिथल्या तिथे राहिलं तर कॉइल सुटली, मग तसंच प्लगचं. पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो. एका वेळी एकच गोष्ट हलवा मात्र, नाहीतर काय बरं झालं ते कळणार नाही. आणि प्लग सोडवण्याआधी विहिरीत हवा मारा, नाहीतर वाळूचा कण थेट सिलिंडरमध्ये पडेल. एक सिलिंडरची गाडी असेल तर यातलं निम्मं लागू नाही, तिच्याबद्दल कधीतरी वेगळं बोलू.

मी नवा प्लग घातला, डावं कॉइलचं रबर बदललं, त्याच्या ओठाला सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवला. आता शनिवारी नुसत्या बादलीने धुतो आणि दोन्ही भोकांतून जाड नायलॉनचा तुकडा घालून बघतो. त्यानंतर दोनदा पावसात दिवेआगरला जाऊन आलो. एकदा बायको होती. काशीदच्या त्या चढावर मी ट्रकच्या मागेच राहिलो, रस्ता मोकळा असूनही. ती काही बोलली नाही.

राहिला पंप. परवा गेलो. मालकांना सगळं सांगितलं, कुंभारीणीसकट. ते हसले, चहा सांगितला, म्हणाले, आमच्याकडे रोज कुणीतरी भांडतंच. त्या मुलाकडे गेलो. त्याला सॉरी म्हटलं. तो कार्डाचं मशीन पुसत होता. म्हणाला, "दादा, ते तुमचं रेकॉर्डिंग आमच्या आळीत सगळ्यांनी ऐकलंय. मला तिथलाच पाणीवाला म्हणतात आता."

मी विचारलं, काय करू?

"हे पण तेवढंच मोठ्यांदा सांगा."

हा भाग चढवला की पहिली लिंक त्याला पाठवतोय. जुन्या भागातला तो तुकडा आज सकाळी काढून टाकला आहे. तुमच्यापैकी कुणी तो पुढे कुणाला पाठवला असेल, तर त्याच माणसाला हाही पाठवा.